दाबाची बुगडी आणि चापाची कानातली सारखी निसटतात? पक्कड सगळ्यात शेवटी

कान न टोचता घालायच्या कानातल्यांच्या तक्रारी मुळात दोनच: टिकत नाहीत, नाही तर सोसवत नाहीत. आमच्या मंगळागौरीच्या गटाचा दागिन्यांचा डबा माझ्या ताब्यात असतो. दाबाच्या बुगड्या, चापाच्या मोत्याच्या कुड्या, नाटकवाल्या मैत्रिणींनी ठेवायला दिलेले झुमके, क्लिपच्या नथी. श्रावण जवळ आला की "ताई, ही परत पडतेय हो" म्हणत एकेक वस्तू माझ्याकडे येते, आणि तिच्यावर कुणीतरी आधीच पक्कड चालवलेली असते. पाते वाकडे, पॉलिश खरवडलेले, आणि पकड होती त्याहून सैल.

निसटणाऱ्या बहुतेक कानातल्यांचा चाप ठणठणीत असतो. दोष घामात, तेलात, झिजलेल्या पॅडमध्ये नाही तर वजनात असतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या उपायांपासून सुरू होतो.

आधी लक्षण ओळखा

- घातल्यावर नीट बसते, पण थोड्या वेळाने सरकत सरकत पाळीच्या कडेला येते आणि पडते.
- उडी मारली, फुगडी घातली की एका झटक्यात उडते, एरवी टिकते.
- चाप मिटताना पूर्वीसारखा "टक" आवाज येत नाही. पाते नुसतेच लोंबते.
- पाते डावी-उजवीकडे डुगडुगते, पुढच्या भागावर नीट टेकत नाही.
- कानातले टिकते, पण तोंड खाली घालते. समोरून नक्षीऐवजी वरची कडच दिसते.
- तासाभरात पाळी लाल होऊन ठणकते.
- ठणका नाही, पण खाज येते, बारीक पुरळ उठते किंवा कातडीवर हिरवट डाग पडतो.
- चाप कानाला राहतो आणि कुडी हातात येते.

पहिली दोन लक्षणे सारखी वाटली तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. सरकत पडणे म्हणजे घर्षण कमी, झटक्यात उडणे म्हणजे वजन जास्त. दोन्हींत चाप घट्ट करून फारसे साधत नाही, कान तेवढा दुखतो.

पाठ फिरवून बघा

चापाच्या कानातल्याला मागे पत्र्याची बैठक असते, बैठकीवर दोन बारीक खांब, आणि त्या खांबांच्या भोकांत अडकवलेले, उघडमीट होणारे पाते. पात्याच्या बुडाशी नीट पाहिलेत तर बैठकीच्या पत्र्यातून उचललेली एक छोटी जीभ दिसेल. पाते मिटताना ती दाबली जाते आणि पात्याला पुढे ढकलते. "टक" आवाज तिचाच.

स्क्रूच्या कानातल्यात पाळीमागे स्क्रू आणि त्याच्या टोकाला चपटी टिकली असते. ही पद्धत चापापेक्षा जुनी. चाप १९३०च्या दशकात रूढ झाले, त्यामुळे आजीच्या डब्यातली न टोचता घालायची जोडी स्क्रूची निघाली तर नवल नाही. काही नव्या कानातल्यांत चापही असतो आणि त्याच्या पात्यात बारीक स्क्रूही. ही जात सगळ्यांत सोयीची.

दाबाची म्हणजे ज्यांत चापही नाही आणि स्क्रूही नाही. नुसती पट्टी किंवा तार वळवलेली असते आणि ती बोटाने दाबून कानावर बसवायची. बाजारातल्या बहुतेक स्वस्त बुगड्या आणि नथी याच जातीच्या.

आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवा: वस्तू खऱ्या सोन्याची, चांदीची किंवा खऱ्या मोत्यांची आहे का? असेल तर खालच्या यादीतले पुसणे, जागा, पॅड आणि वेल एवढेच घरी करा. वाकवणे आणि चिकटवणे सोनाराकडे. इमिटेशन आणि एक ग्रॅमवाल्यांसाठी पुढचे सगळे.

१. पुसा. कान आणि चाप, दोन्ही

खर्च शून्य, आणि सगळ्यांत जास्त कानातली इथेच सुधारतात. केसांचे तेल, फाउंडेशन, पावडर आणि घाम यांचा एक पातळ थर पात्याच्या आतल्या बाजूला साचतो. मेकअप आधी आणि दागिने नंतर, हा आपला नेहमीचा क्रम. त्यामुळे पाळीवरही बुळबुळीत थर असतो. दोन गुळगुळीत गोष्टींच्या मध्ये तेल असेल तर चाप कितीही घट्ट करा, सरकणारच.

कापसाच्या बोळ्याला थोडे सर्जिकल स्पिरिट लावून पाते आणि बैठक आतून पुसा. खाचांसाठी इअरबड. पाळी पुढून-मागून कोरड्या रुमालाने पुसा आणि तेवढ्या जागी मेकअप लावू नका.

स्पिरिट मोत्यांना लागू देऊ नका. नकली मोत्यांवरचा चमकता लेप त्याने जातो आणि आतला पांढरा प्लॅस्टिकचा मणी उघडा पडतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळसुद्धा आणू नका, त्यात प्लॅस्टिक विरघळते. चिंच-लिंबाने घासायचा मोह होतो, पण तो पितळेच्या समईसाठी ठीक. एक ग्रॅमच्या पॉलिशचा थर इतका पातळ असतो की आंबटाने आणि घासण्याने तो आधी जातो. खऱ्या मोत्यालाही आंबट चालत नाही, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाण्यात बुडवून धुणेही नको: खड्यांच्या पाठीला चमकीसाठी फॉइल असते, तिच्यात पाणी शिरले की खडा कायमचा काळा दिसतो.

२. जागा बदला

पाळीच्या अगदी खालच्या कडेला चाप लावायची बऱ्याच जणींना सवय असते, कारण टोचलेल्या कानात कुडी साधारण तिथे दिसते. पण कडेला मांस पातळ, आणि निसटायला अंतर कमी. चाप थोडा वर, गालाच्या बाजूला सरकवून लावा. पाते उघडे ठेवून कानातले आधी जागेवर टेकवा, मग मिटा. मिटलेला चाप ओढून जागेवर आणला तर कातडी ताणली जाते आणि ती सैल होताना चापाला बरोबर घेऊन जाते.

बुगडी वरच्या कानाची. तिथे मांस नाही, कूर्चा आहे. पाळी दाबली जाते आणि चापाला स्वतःत रुतू देते. कूर्चा तसे करत नाही. म्हणून बुगडी कानाच्या वळलेल्या कडेवर अशी बसवा की पट्टीचे आतले टोक कडेच्या पन्हाळीत जाईल. सपाट भागावर ती टिकत नाही. डाव्या-उजव्या बुगड्यांची अदलाबदल झाली असेल तर त्या उलट्या झुकतात, तेही एकदा तपासा. आणि हेल्मेट घालायचे असेल, पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसायचे असेल, तर बुगडी पर्समध्ये ठेवा आणि उतरल्यावर घाला. यावर दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

३. पॅड

हा माझा सगळ्यांत आवडता उपाय. नव्या चापाच्या पात्यावर बहुधा रबराची किंवा फोमची छोटी टोपी असते. ती वर्षभरात कडक होते, मग कधीतरी गळून पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यानंतर गुळगुळीत पत्रा थेट कातडीवर.

सिलिकॉनच्या तयार टोप्या इमिटेशनचे सामान विकणाऱ्या दुकानांत स्वस्तात मिळतात. मिळाल्या नाहीत तर खुर्चीच्या पायाखाली लावायचे चिकट फेल्टचे गोल येतात, त्यातून पात्याच्या मापाचा तुकडा कापा. अगदी ऐन वेळी जखमेवर लावायच्या कागदी टेपच्या दोन घड्यासुद्धा चालतात. चिकटवण्याआधी पाते पुसलेले आणि कोरडे हवे, नाही तर पॅडच सरकेल.

पॅडने पकड दोन कारणांनी वाढते. एक तर पृष्ठभाग खरखरीत होतो. दुसरे म्हणजे पाते आणि बैठक यांच्यातली फट भरली जाते, त्यामुळे तीच पाळी धरायला चापाला जास्त उघडावे लागते आणि जीभ जास्त जोर लावते. म्हणूनच दुखणाऱ्या कानातल्याला जाड पॅड लावून उपयोग नाही, आणखी दुखेल. तिथे पातळ, पण पात्यापेक्षा थोडा रुंद पॅड हवा, म्हणजे दाब जास्त जागेवर पसरतो.

तोंड खाली घालणाऱ्या कुडीलाही पॅडच, पण वेगळ्या जागी: पुढच्या भागाच्या पाठीवर, फक्त खालच्या अर्ध्यावर. खालची बाजू पाळीपासून थोडी पुढे ढकलली गेली की नक्षी वर बघू लागते. आधी कागदाची घडी ठेवून अंदाज घ्या, मग फेल्ट चिकटवा.

४. वजन आणि वेल

झटक्यात उडणाऱ्या झुमक्यांचे उत्तर इथे आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक झुमका ठेवून बघा. १५ ग्रॅमच्या पुढे गेला तर मी चापाला हात न लावता वेल लावते. मोत्यांचा वेल आपण शोभेची वस्तू समजतो, पण कानातल्याचे वजन पाळीवरून काढून केसांवर नेणे हे त्याचे खरे काम. त्याची कडी झुमक्याच्या वरच्या भागात अडकवा, चापात नाही. दुसरे टोक कानावरून नेऊन केसांत पिनेने पक्के करा. पिन सुट्या केसांत लावली तर ती केसांसकट खाली येते. आधी दोन पिना फुलीसारख्या लावून त्यांच्यात वेलाची आकडी अडकवा. लांबी अशी ठेवा की वेल किंचित ताणलेला असेल. लोंबणारा वेल म्हणजे आणखी वजन.

वेल शोभत नसेल अशा वेषाला काळा दोरा किंवा पारदर्शक नायलॉनची तार तेच काम करते. नाच असेल तर झुमक्याचा लोलक मागून दुहेरी टेपने मानेला चिकटवणाऱ्याही मुली आहेत; चालते, पण घाम सुटला की टेप सुटतो.

५. स्क्रू

स्क्रू आपोआप सैल होत असेल तर आट्यांमध्ये मळ आहे किंवा आटे झिजले आहेत. स्क्रू पूर्ण बाहेर काढा (खाली वाटी धरून, कारण हा स्क्रू फरशीवर पडला की गेला), कोरड्या टूथब्रशने आटे घासा. परत बसवताना आधी अर्धा फेरा उलटा फिरवा; आटे जुळल्याचा बारीकसा धक्का बोटाला जाणवतो, मग सुलटा फिरवा. जोर करून बसवला तर आटे तिरके कापले जातात आणि मग तो कधीच नीट बसत नाही.

साफ करूनही सुटत असेल तर आट्यांवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक ठिपका लावा आणि पूर्ण वाळल्यावर स्क्रू आत फिरवा. तो थोडा जड फिरतो आणि आहे तिथे राहतो. ओल्या पॉलिशवर फिरवला तर चिकटून बसेल. याउलट स्क्रू फिरतच नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, काही तास थांबा आणि नीट पुसून घ्या. आटे गुळगुळीत झाले असतील तर घरी उपाय नाही.

६. वाकवणे: आता, आणि अगदी थोडे

इथपर्यंत सगळे करूनही पकड येत नसेल तरच. पितळेची पट्टी दर वेळी वाकवली की त्या जागी आणखी कडक आणि ठिसूळ होत जाते. म्हणजे तुमच्याकडे ठरावीक वाकवण्यांची शिल्लक असते, आणि ती किती हे पट्टी सांगत नाही. आज थोडी घट्ट, उद्या थोडी सैल, परवा पुन्हा घट्ट असे करत गेले की एक दिवस ती नेमकी वळणावर तुटते. एकदाच, विचार करून वाकवा. वळणावर पॉलिशला बारीक भेगा दिसत असतील किंवा आतला तांबूस रंग उघडा पडला असेल तर शिल्लक संपत आली आहे. तिथे वाकवू नका.

दाबाच्या बुगडीसाठी पक्कड लागतच नाही. बॉलपेनची रिकामी रिफिल पट्टीच्या वळणात आडवी धरा आणि बाहेरून अंगठा-तर्जनीने दाबा. रिफिलमुळे वळण गोल राहते. तशीच दाबली तर वळणाची घडी होते, आणि पट्टी तुटते ती नेहमी घडीवर. घालताना-काढतानाही पट्टी पुस्तक उघडल्यासारखी फाकवू नका. कानाच्या कडेवरून बाजूने सरकवत घाला, तशीच काढा. ज्या पुठ्ठ्यावर ती विकत आली त्या जाड पुठ्ठ्यावरच वर्षभर अडकवून ठेवली तर पट्टी हळूहळू फाकते, म्हणून नुसत्या कापसात ठेवा.

चापाचे तीन दोष असतात आणि प्रत्येकाला वाकवण्याची जागा वेगळी.

"टक" येतो, पण मिटल्यावर फट जास्त राहते: फक्त पात्याचे टोक आत घ्यायचे. नोज प्लायरच्या दोन्ही जबड्यांना कापडी टेप गुंडाळा. एका हाताने पात्याचे बूड खांबांजवळ घट्ट धरा आणि दुसऱ्याने टोक किंचित आत वळवा. बूड धरले नाही तर सगळा जोर खांबांवर जातो आणि ते फाकतात.

पाते डुगडुगते: खांब फाकले आहेत. पाते मिटून, दोन्ही खांब बाहेरून प्लायरमध्ये धरून हळूच जवळ आणा. पाते मोकळे हलायला हवे, पण बाजूला सरकायला नको. फार दाबले तर पाते अडकते.

"टक" येतच नाही: जीभ दबली आहे. पाते पूर्ण उघडा. घड्याळजीच्या संचातला सगळ्यांत बारीक चपटा पेचकस जिभेच्या मोकळ्या टोकाखाली घाला आणि केसभर उचला. मिटून आवाज ऐका. आला की थांबा, आणखी नको. कान दुखवणाऱ्या चापात याच्या उलट करायचे: त्याच पेचकसाने जीभ केसभर खाली दाबा. दुखणाऱ्या चापाचे पातेच मागे वाकवणारे बरेच असतात. त्याने फट वाढते, पण जीभ तितक्याच जोराने ढकलत राहते, आणि पात्याचे टोक तेवढे कातडीत रुतते. जीभ तुटून आली तर ती परत बसत नाही, अख्खा चाप बदलावा लागतो.

प्रत्येक वेळी वाकवल्यावर कानावर लगेच घालू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ कातडीला चाप लावा आणि दहा मिनिटे घरातली कामे करा. पडला तर सैल, काढल्यावर पांढरा-लाल खोलगट वण उठला तर घट्ट. जोडी असल्याने दुसरे कानातले मोजमापाला हाताशी असतेच: जे बरे आहे त्याचे पाते, फट आणि आवाज यांच्याशी जुळवा. बरे आहे ते उगाच वाकवू नका.

पारदर्शक प्लॅस्टिकच्या क्लिपा सैल झाल्या की फेकायच्या. त्या वाकवून सुधारत नाहीत.

७. कुडी सुटली तर

चाप आणि कुडी यांचा सांधा सुटला की घरात पहिली आठवण फेविक्विकची होते. ते पटकन धरते, पण कडक होऊन ठिसूळ बनते, आणि चापाच्या सांध्याला तर रोज उघडझापीचा झटका बसतो. शिवाय त्याची वाफ आसपासच्या खड्यांवर पांढुरके धुके सोडते. दोन नळ्यांचे, मिसळून लावायचे अरल्डाइटसारखे एपॉक्सी घ्या.

दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना गोंद खरवडून काढा आणि बारीक पॉलिश पेपरने ती जागा खरखरीत करा. गुळगुळीत धातूवर गोंदाला धरायला काही नसते. स्पिरिटने पुसा. पात्याच्या बिजागरीवर टाचणीच्या टोकाने व्हॅसलीनचा कण लावा, म्हणजे ओघळलेला गोंद तिथे धरणार नाही. पण सांध्यावर व्हॅसलीन गेले तर सगळेच फुकट. दोन्ही नळ्यांतून सारखे घेऊन काडीने मिसळा, थोडेच लावा. वाटीत तांदूळ भरून त्यात कुडी पालथी रुतवली की ती आडवी-तिडवी न होता स्थिर राहते. वरून चाप ठेवा. पूर्ण २४ तास हात लावू नका. पाच मिनिटांत धरणारे एपॉक्सीसुद्धा पाच मिनिटांत चाप उघडायला सांगत नाही.

नथीबद्दल थोडे

दाबाच्या नथीचा त्रास बुगडीसारखाच, पण तिथे तार असते आणि तारेत मणी ओवलेले. तार वाकवताना मण्यांजवळ कधीच वाकवू नका: काचेचा मणी तडकतो किंवा शेवटची गाठ सुटून सगळे मणी ओघळतात. नाकपुडीच्या आत जाणारे मोकळे टोक आहे तेवढेच हलवा. ते टोक बोटाच्या पेराने चाचपा. टोचत असेल तर नखे घासायच्या कानशीने गोल करा. लेप उडालेले टोक आतल्या नाजूक त्वचेला ओरखडते, आणि बऱ्याच जणींना नथ घट्ट वाटते ती या ओरखड्यामुळे. मेकअपवाल्या मुली नथीला मागून पापण्यांचा गोंद लावतात, ते चालते. फक्त त्यात पुष्कळदा लॅटेक्स असते, म्हणून आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा.

चुंबकाची नथ किंवा कानातली लहान मुलांना घालूच नका, गॅदरिंगला पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळणांना मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल. नाकात दोन बाजूंनी चिकटून बसलेले चुंबक घरी चिमट्याने काढायला जाऊ नका. पेसमेकर असलेल्या माणसांनीही ही कानातली टाळावीत.

कुठे थांबायचे

खाज आणि पुरळ हा दुरुस्तीचा प्रश्न नाही. हिरवा डाग तांब्या-पितळेवर घामाची क्रिया होऊन पडतो, साबणाने जातो, त्याची भीती नको. पण खाज, पाणी सुटणे, सालपटे हे बहुधा निकेलचे काम. घातल्या घातल्या नाही, तर कित्येक तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठते, म्हणून दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. पात्याला बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले तर एखादा कार्यक्रम निभतो, पण लेप झिजतो. एकदा पुरळ उठलेल्या व्यक्तीने ती जोडी पुन्हा घालू नये, आणि जखम ओली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

बुगडी काढल्यावर वरचा कान लाल, गरम आणि सुजलेला राहिला, हात लावू देईना, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. तिथला संसर्ग लांबला तर कानाचा आकार बिघडू शकतो.

दागिन्याच्या बाबतीत: खांबच तुटला, जीभ गेली, स्क्रूचे आटे गेले किंवा सांधा डाग देऊन जोडलेला होता, तर कारागिराकडे जा. घरच्या सोल्डरिंग आयर्नने प्रयोग नको. कथील-शिशाचे ६३-३७ प्रमाणातले नेहमीचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, आणि तेवढ्या उष्णतेत प्लॅस्टिकचे मोती आणि खड्यांचे फॉइल दोन्ही जातात. मेणबत्तीवर धरून तार मऊ करण्याची युक्तीही कुणी सांगितली तर ऐकू नका. सुटलेले मोती ओवायचे असतील तर पटवेकऱ्याकडे द्या. तो तारेची गाठ अशी मारतो की ती मण्याच्या भोकात लपते.

इमिटेशनच्या जोडीला कारागिराने सांगितलेली मजुरी जोडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर मी फक्त नवे चाप आणते. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला सुटे चाप मिळतात, एपॉक्सीने घरी बसवता येतात. जाताना दोन्ही कानातली बरोबर न्या, फक्त बिघडलेले नको. बैठकीचे माप जुळवायला बरे असलेलेच लागते, आणि चाप बदलायचे तर दोन्हींचे बदला, नाही तर एका कानाला एक जोर आणि दुसऱ्याला दुसरा.